जुन्या कारखान्यातलं आर्ट म्युझियम बघायला जाताय? मग हे वाचून जा

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. बंद पडलेलं पॉवर स्टेशन, कापडाचा कारखाना, गोदाम, पिठाची गिरणी अशा ठिकाणी थाटलेलं कंटेम्पररी आर्टचं म्युझियम बघणं आणि नेहमीचं, संगमरवरी जिन्याचं, सोनेरी फ्रेमवाल्या चित्रांचं म्युझियम बघणं यात बराच फरक आहे. नेहमीच्या म्युझियममध्ये इमारत गपचूप मागे उभी असते. इथे ती अंगावर येते. पहिल्यांदा गेलेला माणूस अर्धा वेळ मान वर करून "बापरे केवढं हे" करत फिरतो, मग उरलेल्या वेळात पाय बोंबलत असताना सगळ्या गॅलऱ्या धावत उरकतो आणि बाहेर येऊन सांगतो की बिल्डिंग एक नंबर होती, आत काय ठेवलं होतं ते मात्र डोक्यावरून गेलं. माझं सरळ म्हणणं असं की इमारतीला तिचा वेगळा वेळ द्यायचा, तोही सगळ्यात आधी, म्हणजे नंतर ती कलाकृतींच्या मधे मधे लुडबुडत नाही.

पण त्याच्याही आधी घरून निघताना करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. म्युझियमची वेबसाइट उघडा आणि नुसती वेळ बघू नका, सध्या कोणता मजला चालू आहे ते बघा. या जागांमध्ये प्रदर्शनं बदलत राहतात आणि एक मोठं इन्स्टॉलेशन (म्हणजे अख्खी जागा व्यापून मांडलेली कलाकृती) उतरवून दुसरं उभं करायला आठवडेच्या आठवडे जातात, त्या काळात अख्खा हॉल बंद असू शकतो. काहींकडे स्वतःचा कायमचा संग्रहच नसतो, इंग्लंडमध्ये गेट्सहेडला पिठाच्या गिरणीत २००२ साली सुरू झालेलं बाल्टिक तसंच आहे, तिथे जे काही असतं ते तात्पुरतं. त्यामुळे "मित्राने फोटोत दाखवलेलं ते" बघायला जाणार असाल तर ते अजून तिथे आहे का एवढं तपासा. आठवड्याची सुट्टी पण बघा, सगळीकडे सोमवारच असतो असं नाही. आणि तिकीट. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये कायमचा संग्रह फुकट आहे पण खास प्रदर्शनांना वेगळं तिकीट लागतं, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो. माझं ऐकाल तर पहिल्या फेरीत खास प्रदर्शनाच्या मागे लागूच नका, फुकटातलंच इतकं असतं की दिवस पुरत नाही.

बूट. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. कारखान्याची फरशी मशिनांसाठी घातलेली असते, माणसांच्या गुडघ्यांचा विचार कोणी केलेला नसतो, कॉंक्रीटवर तीन तास हळूहळू चालणं हे तीन तास भरभर चालण्यापेक्षा जास्त दमवतं. मऊ तळव्याचे बूट घाला, टाचेचे अजिबात नको, कारण जुने लोखंडी जिने आणि उंचावरच्या अरुंद चालवाटा जाळीच्या असतात आणि टाच बरोब्बर त्या जाळीत अडकते. अंगावर एक जास्तीचा थर ठेवा. मोठ्या हॉलमध्ये थंडीत गारठा असतो, उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, आणि व्हिडिओच्या खोल्यांमध्ये एसी वेगळाच. पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत किंवा पोटावर लटकवायला सांगतात, मग ती क्लोकरूमला देऊनच टाका. लिहायची किंवा चित्रं काढायची सवय असेल तर पेन्सिल घ्या, गॅलरीत पेन चालत नाही असं अनेक ठिकाणी असतं.

आता इमारत. आत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं कलाकृतींकडे बघायचंच नाही असं ठरवा. मोठ्या हॉलमध्ये एका कडेला उभे राहा आणि एकच प्रश्न विचारा, इथे काय बनत होतं? त्याचं उत्तर मिळालं की इमारतीचा आकार आपोआप कळायला लागतो. टेट मॉडर्न म्हणजे पूर्वीचं बँकसाइड पॉवर स्टेशन, जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी डिझाइन केलेलं, १९८१ मध्ये बंद पडलं आणि २००० मध्ये म्युझियम म्हणून उघडलं. तिथला टर्बाइन हॉल जवळपास १५० मीटर लांब आणि ३५ मीटर उंच आहे. एवढी उंची कोणाला इम्प्रेस करायला ठेवलेली नव्हती, खाली टर्बाइन, म्हणजे वीज बनवायची अवाढव्य मशिनं, बसवायची आणि दुरुस्तीला ती उचलायची तर वर क्रेन पळायला जागा पाहिजे. त्या क्रेन अजून वर आहेत, नीट बघा. हेर्झोग आणि द म्यूरॉन या आर्किटेक्ट जोडीने मशिनं गेल्यावर हा हॉल भरून न टाकता तसाच मोकळा ठेवला, आणि माझ्या मते त्या प्रोजेक्टमधला सगळ्यात शहाणा निर्णय तो आहे.

कापडाचे, छपाईचे कारखाने वेगळे दिसतात. ते लांबलचक आणि अरुंद असतात, दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या, कारण विजेचे दिवे यायच्या आधी खिडकीतून जेवढा उजेड आत पोचेल तेवढीच इमारतीची रुंदी ठेवता यायची. मधे खांबांच्या रांगा असतात. काही कारखान्यांना करवती छप्पर असतं, म्हणजे एक बाजू उतरती पत्र्याची आणि एक उभी काचेची, असं ओळीने. उत्तर गोलार्धात ती काच सहसा उत्तरेकडे तोंड करून असते, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, थेट ऊन येत नाही, कामगाराच्या डोळ्यावर तिरीप नाही आणि रंग खरे दिसतात. चित्रकाराला स्टुडिओत नेमका हाच उजेड हवा असतो! न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी डिया बीकन आहे, ती १९२९ ची नाबिस्को या बिस्किट कंपनीची खोके छापायची फॅक्टरी, २००३ पासून म्युझियम. तिथे आजही बराचसा भाग छतातून येणाऱ्या उजेडावरच चालतो. अशा ठिकाणी हिवाळ्यात दुपारी उशिरा गेलात तर चित्रं अर्धवट अंधारात बघाल, म्हणून सकाळी जा, आणि ढग आले-गेले की तेच चित्र कसं बदलतं ते बघा.

धान्याची कोठारं म्हणजे सायलो हा तिसरा प्रकार. त्यांना खिडक्या नसतात, धान्याला उजेड आणि ओल दोन्ही नको. केप टाउनचं झाइट्झ मोका हे म्युझियम अशाच १९२४ सालच्या सायलोत आहे, उंच कॉंक्रीटच्या ४२ नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. डिझायनर थॉमस हेदरविक यांच्या टीमने मधल्या नळ्या कापून आत पोकळी केली, तिचा आकार मक्याच्या दाण्यावरून घेतला, आणि २०१७ मध्ये म्युझियम उघडलं. तिथे कापलेल्या कडा बघा, कॉंक्रीटच्या भिंतीची जाडी डोळ्यांनी मोजता येते.

हे बघताना बारीक गोष्टी शोधा. फरशीत बुजवलेले रूळ, खांबांवर रंगवलेले नंबर, विटांनी बंद केलेली खिडकी, भिंतीवर जिथे एकेकाळी मजला टेकलेला होता तिथली आडवी खूण, ऑइलचे डाग. आणि एक माझी जुनी तक्रार इथे करून टाकतो, धुरांड्याचे फोटो सगळे काढतात, आर्किटेक्टचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण तिथे पाळ्या करणाऱ्या लोकांबद्दल बहुतेक ठिकाणी जेमतेम एखादी पाटी असते. ती शोधून वाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थ ॲडम्स गावात मास मोका आहे, तिथे आधी कापडछपाई चालायची, मग स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनी आली आणि भरभराटीच्या काळात त्या छोट्या गावातले ४ हजारांवर लोक तिथे कामाला होते. १९८५ मध्ये ते बंद झालं आणि म्युझियम उघडलं १९९९ मध्ये. मधली चौदा वर्षं गावाने काय केलं असेल, हा प्रश्न डोक्यात ठेवून आत फिरलात तर भिंती वेगळ्या दिसतात.

कारखान्यात म्युझियम का जमतं हे पण यातून कळतं. दणकट फरशी, खांब लांब लांब, दारं ट्रक आत येईल एवढी. मिलानमध्ये पिरेली हँगरबिकोका म्हणून जागा आहे, पूर्वी तिथे रेल्वेची इंजिनं बनायची, आत अँसेल्म कीफर या कलाकाराचे कॉंक्रीटचे सात मनोरे २००४ पासून उभे आहेत, प्रत्येक १४ ते १८ मीटर उंच आणि वजन एकेकाचं ९० टन. हे नेहमीच्या म्युझियमच्या कुठल्या मजल्यावर ठेवणार? म्हणजे इमारतीनेच ठरवलं की इथे काय राहू शकतं. म्हणूनच म्हटलं, आधी ती समजून घ्या.

झालं, आता कलाकृती. इथे लोक सगळं बघायच्या नादात काहीच बघत नाहीत. नकाशा घ्या, एक चक्कर न थांबता मारा, आणि ज्या चार-पाच गोष्टींपाशी पाय आपोआप रेंगाळले त्याच मनात धरा. मग परत येऊन त्या प्रत्येकीला दहा मिनिटं द्या. दहा मिनिटं फार मोठी वाटतात, तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढावासा वाटतो, तिथेच थोडं टिकायचं. बाकीच्या सोडून द्या, त्यात पाप नाही.

लेबल आधी वाचू नका. आधी बघा, कशाचं बनलंय, किती मोठं आहे, जवळ गेल्यावर काय होतं, लांबून काय होतं, मागून कसं दिसतं. मग लेबल. लेबलमध्ये मला स्वतःला सगळ्यात आवडते ती साहित्याची ओळ, कारण तिथे मेण, केस, मीठ, कोळसा, जुने टायर असं काहीही लिहिलेलं असतं आणि अर्ध्या वेळा कोड्याची चावी तिथेच असते. साल बघा, त्या काळात त्या देशात काय चाललं होतं ते आठवा. "शीर्षक नाही" असं असेल तर ते विसरलेले नाहीत, मुद्दाम दिलेलं नाही. आणि भिंतीवरचा मोठा लांबलचक मजकूर असतो ना, "अवकाश आणि स्मृती यांच्यातील तणाव" वगैरे, त्याचा पहिला परिच्छेद वाचा, त्यात माहिती असते, पुढचं कळलं नाही तर दोष तुमचा नाही.

मोठ्या हॉलमधली कामं एका जागी उभं राहून बघायची नसतात, त्यांच्यातून चालायचं असतं. अनिश कपूर यांनी २००२ मध्ये टर्बाइन हॉलमध्ये लाल पडद्याचं एक अवाढव्य काम ताणलं होतं, ते कुठेही उभं राहिलं तरी एका नजरेत पूर्ण दिसायचंच नाही, आणि मुद्दाच तो होता. त्याच हॉलमध्ये २००३ मध्ये ओलाफर एलिआसन यांनी छताला आरसे लावून पिवळा कृत्रिम सूर्य टांगला तेव्हा लोक चक्क जमिनीवर आडवे पडून वर स्वतःला शोधत होते. डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये फरशीला १६७ मीटर लांब भेग पाडली, ती नंतर बुजवली, पण तिचा व्रण फरशीवर राहिलाय, गेलात तर खाली बघत चाला. डिया बीकनला रिचर्ड सेरा यांच्या पोलादी भिंतींच्या आत जाता येतं, त्या भिंती कललेल्या आहेत, आत फिरताना तोल गेल्यासारखं होतं. असल्या कामांना "याचा अर्थ काय" विचारण्याआधी "माझ्या शरीराला काय झालं" हे विचारा, उत्तर पटकन मिळतं.

हात लावायचा का? नाही. गंजलेलं पोलाद बघून सगळ्यांनाच लावावासा वाटतो, आणि गंजलेलंच तर आहे, त्याला काय होणार असं वाटतं, पण हाताच्या घामाचे आणि तेलाचे डाग त्या गंजाच्या थरावर उठतात आणि सहज जात नाहीत. काही कामं मात्र हाताळायची, चढायची, वर चालायचीच असतात. कार्ल आंद्रे यांच्या जमिनीवर मांडलेल्या धातूच्या चौकोनांवरून चालायला अनेक ठिकाणी परवानगी असते. कसं ओळखायचं? गार्डला विचारायचं, बस. नियम मधेच बदलूही शकतो, आय वेईवेई यांनी २०१० मध्ये चिनी मातीच्या १० कोटी सूर्यफुलाच्या बिया टर्बाइन हॉलमध्ये पसरल्या, लोकांनी त्यावर चालायचं असंच ठरलं होतं, पण काही दिवसांतच बारीक धूळ उडते म्हणून चालणं बंद केलं.

आणि हो, कारखान्यात हमखास होणारी गंमत म्हणजे भिंतीवरचा पाइप, आग विझवायचा सिलिंडर, कोपऱ्यातली शिडी ही कलाकृती आहे की खरंच शिडी आहे हे कळत नाही. लेबल किंवा फरशीवरची पट्टी शोधा. नसेल तर ती शिडी आहे. तरीही दोन मिनिटं बघितलीत तर कोणी हसणार नाही, शेजारचा पण तेच करत असतो.

अंधाऱ्या खोल्यांचं थोडं सविस्तर सांगतो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. पडदा सारून आत गेलं, काही दिसलं नाही, लगेच बाहेर, "काही नाहीये आत". अहो डोळ्यांना वेळ लागतो. अमेरिकेत पिट्सबर्गला मॅट्रेस फॅक्टरी नावाचं म्युझियम आहे, १९७७ मध्ये गाद्यांच्या गोदामात सुरू झालेलं, तिथे जेम्स टरेल यांचं १९८३ चं एक काम आहे, त्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं बसल्याशिवाय समोर प्रकाश आहे की भास आहे हेच ठरत नाही. अशा ठिकाणी दारात थांबा, एक हात भिंतीवर ठेवून आत जा, बसायला काही आहे का चाचपा, आणि मोबाइलच नाही तर मनगटावरचं स्मार्टवॉचही झाका, हात हलला की ते पेटतं आणि खोलीतल्या सगळ्यांचे डोळे परत शून्यावर येतात. दारावर फ्लॅश होणाऱ्या दिव्यांचा किंवा मोठ्या आवाजाचा इशारा असेल तर तो मनावर घ्या, फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच.

व्हिडिओसाठी माझा नियम सोपा आहे. लेबलवर लांबी लिहिलेली असते. पंधरा मिनिटांच्या आतलं असेल तर पूर्ण बघायचं, मधूनच सुरू झालं तरी चालतं, फिरून सुरुवात येतेच. त्याहून मोठं असेल तर दहा मिनिटं देऊन ठरवायचं. काही व्हिडिओ तासन्‌तास चालतात, ते पूर्ण बघावेत अशी कलाकाराचीही अपेक्षा नसते बहुतेक वेळा.

काही कामांत कलाकाराचा हात लागलेलाच नसतो आणि तिथे लोक चिडतात. मास मोकामध्ये सोल लेविट यांची १०५ भिंतीचित्रं तीन मजल्यांवर आहेत, २००८ मध्ये रंगवलेली, आणि लेविट वारले २००७ मध्ये. त्यांनी सूचना लिहून ठेवल्या होत्या, रंगवलं दुसऱ्यांनी, बरेचसे विद्यार्थी. ही चित्रं २०४३ पर्यंत राहणार आहेत. "हे तर मी पण केलं असतं" असं वाटलं तर उत्तम, सूचना वाचा आणि मनातल्या मनात करून बघा, किती ठिकाणी अडतो ते कळेल. नावडलं तर नावडलं म्हणा, फक्त का नावडलं हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सोबत कोणी असेल तर ही चर्चा तिथेच करा, घरी गेल्यावर चित्र आठवत नाही, नुसतं मत आठवतं.

गार्डशी बोला हे परत सांगतो. ते लोक दिवसचे दिवस त्याच कामासमोर उभे असतात, लोक कुठे हसतात, कुठे बिचकतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. "तुम्हाला यातलं कुठलं आवडतं?" एवढं विचारलंत तरी पुष्कळ कळतं, ऑडिओ गाइडपेक्षा जास्त.

फोटो काढा पण आधी बघून मग. फ्लॅश बंद, सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी मना आहे. कामाचा फोटो काढलात की लगेच लेबलचा काढा, नाहीतर नंतर मोबाइलच्या गॅलरीत चाळीस अनोळखी वस्तू उरतात. सेल्फीसाठी मागे मागे सरकताना मागे काय आहे ते बघा, इथे जमिनीवरही कामं असतात. डिया बीकनला मायकल हायझर यांनी फरशीत तब्बल ६ मीटर खोल पोलादी खड्डे केलेत, त्यांच्यापुढे कठडा आहे तो उगाच नाही.

मुलांना न्यायला ही म्युझियम खरं तर फार चांगली, जागा मोठी, आवाज झाला तरी कोणी लगेच डोळे वटारत नाही, आणि मुलांना "हे कला आहे का" हा प्रश्न पडतच नाही. फक्त मोठ्या हॉलपासून सुरुवात करा, छोट्या खोल्या नंतर, आणि एक तास झाला की थांबा. मोठ्यांनीही दीड तासाने बसावंच. त्यानंतर डोळे उघडे राहतात पण आत काही जात नाही.

आजी-आजोबा सोबत असतील किंवा व्हीलचेअर लागणार असेल तर आधी फोन करा. अंतरं प्रचंड असतात, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायला कधी बाहेरून फिरून जावं लागतं, लिफ्ट एका टोकाला आणि प्रवेश दुसऱ्या टोकाला असं पण होतं. बऱ्याच म्युझियममध्ये व्हीलचेअर आणि घडीचं स्टूल मोफत मिळतं पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

शेवटचा तास सांभाळून ठेवा. गॅलऱ्या बंद व्हायच्या वेळेच्या आधीच रिकाम्या करायला लागतात, क्लोकरूमला तेव्हाच सगळ्यांची रांग लागते, दुकानात पण. आणि परतीचं बघून ठेवा. कारखाने नदीकाठी, रेल्वेलगत, गावाच्या कडेला बांधायचे कारण कोळसा आणि माल तिथूनच यायचा-जायचा, त्यामुळे यातली कित्येक म्युझियम आजही शहराच्या मध्यापासून लांब आहेत. डिया बीकनला तर न्यूयॉर्कहून ट्रेनने सव्वा ते दीड तास लागतो. अशा ठिकाणी एक गाडी चुकली की पुढची लगेच नसते, म्हणून जाताना स्टेशनवर उतरल्या उतरल्याच परतीच्या गाड्यांच्या वेळांचा फोटो काढून घ्या.